पाणी कुठं गेलं?

मिस्त्री कुठल्याही गाडीचं बॉनेट आल्या आल्या उघडत नसत. हात पाठीमागं बांधून ते आधी गाडीभोवती तीन चकरा मारत. मग गाडी आणणाऱ्याला समोरच्या लाकडी खोक्यावर बसवत आणि विचारत, "कवापासून गरम व्हती? चढाला का सपाटीला? सकाळच्या पारी का दुपारी? तवा गाडीत माणसं किती व्हती?" माणूस वैतागून म्हणे, "अहो मिस्त्री, उघडून बघा की." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "उगडून काय दिसंल? लोखंड दिसंल. तुमी सांगा."

मी तेव्हा नुकताच गुरांचा डॉक्टर होऊन बाहेर पडलो होतो आणि तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, एका सहकारी दूध संघात नोकरीला लागलो होतो. मिस्त्रींची ती उलटतपासणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी हसू दाबलं. कॉलेजात आमचे सर जनावराला हात लावण्याआधी मालकाला हेच विचारायला शिकवायचे. कधीपासून, चरून आल्यावर की आधी, काय खाल्लं होतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. हा माणूस ते रोज करत होता.

संघाकडं दुधाचे दोन ट्रक होते, चेअरमनसाहेबांची जुनी मोटार होती आणि लिलावात घेतलेली पेट्रोलवरची एक जीप होती. या सगळ्यांचे वैद्य मिस्त्री. जीपचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेल्यापासून जीपही तेच चालवत. पन्नाशीचे, उंच, वाळलेले. अंगात कायम पांढरा सदरा. मेकॅनिकानं पांढरा सदरा घालावा याचं सगळ्यांना नवल वाटे. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला ऑइल कुठून गळतंय ते आधी कळतं, त्याच्या अंगावर ते पडतंच कशाला? चुकून डाग पडला तर त्या दिवशी ते कुणाशी बोलत नसत. तरुणपणी लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपात ते काम शिकले होते. नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. त्यांची बायकोसुद्धा दारातून "मिस्त्री हैत का?" असंच विचारी.

त्यांच्याजवळ बांबूची एक कांब होती. तिच्यावर चाकूनं खुणा केलेल्या. रोज सकाळी गाड्या गार असताना ती प्रत्येक रेडिएटरात बुडवून पाण्याची पातळी बघायची, बोट बुडवून पाण्याचा वास घ्यायचा, कधीकधी ते चाटायचं, हा त्यांचा नेम. पाणी कमी दिसलं की दुसरा कुणीही वरून ओतून मोकळा झाला असता. मिस्त्री ओतत नसत. त्या दिवशी संध्याकाळी गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवत आणि सकाळी खाली वाकून डाग बघत. पुढच्या बाजूला डाग असला तर पंप, मधे असला तर नळी, कडेला असला तर रेडिएटर. डाग बघून झाले की तेच वर्तमानपत्र झटकून खोक्यावर बसून वाचत. महिनाभरापूर्वीच्या बातम्या ते आम्हाला मोठ्या गंभीरपणे सांगत असत.

"पाणी कुठं गेलं ते इचारा," ते म्हणत. "वतायला काय, कुणी बी वतंल."

पहिल्याच महिन्यात मी त्यांच्याकडून शिवी खाल्ली. जीप तापली होती, वाफ येत होती, आणि मी मदत म्हणून रेडिएटरचं झाकण फिरवायला गेलो. त्यांनी माझं मनगट असं पकडलं की बोटं उमटली. मग स्वतःची बाही वर करून दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. "वर्कशॉपात असंच घाईनं उगडलं व्हतं म्या," ते म्हणाले. "बॉनेटवर तळवा ठिवा. धा आकडं म्हणा. तळवा उचलावा वाटला न्हाय, तर मंग झाकणाला हात लावा." पुढं जन्मभर मी तसंच करत आलो.

चेअरमनसाहेबांच्या मोटारीची गोष्ट संघात बरीच वर्षं सांगितली जाई. ती मोटार अचानक तापायला लागली. गावाबाहेर चार मैल गेली की पाणी उकळून बाहेर. तालुक्यातल्या दोन मेकॅनिकांनी पंप बदलला, पट्टा बदलला, काही फरक नाही. मिस्त्रींनी तीन चकरा मारल्या आणि चौथ्यांदा मोटारीच्या पुढं उभे राहिले. निवडून आल्यावर साहेबांनी पुढच्या जाळीवर हातभर लांबीची पितळी पाटी बसवून घेतली होती. वर संघाचं नाव, खाली साहेबांचं पद, बाजूला दोन हार अडकवायला आकडे.

"साहेब, पाटी काढा," मिस्त्री म्हणाले.

"पाटीचा आणि पाण्याचा काय संबंध?"

"रेडिएटरला वारं लागना. तुमी नाकाम्होरं ताट धरून पळा बरं मैलभर."

साहेबांना ते लागलं. पाटी काढणार नाही म्हणाले. मिस्त्रीही हट्टाचे. पाटी निघाल्याशिवाय या मोटारीला पाना लावणार नाही म्हणून खोक्यावर जाऊन बसले. आठवडाभर साहेब ट्रकच्या केबिनमध्ये बसून हिंडले. शेवटी पाटी निघाली आणि मोटारीच्या मागच्या बाजूला गेली. मोटार पुन्हा कधी तापली नाही. फक्त चेअरमन येतायत हे लोकांना ते निघून गेल्यावर कळायला लागलं.

त्यांच्या आणखी एका सवयीचा मला तेव्हा अर्थ लागला नव्हता. जीपमध्ये ते दोन डबे ठेवत. मोठा पत्र्याचा डबा गाडीसाठी. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला लहान डबा स्वतःसाठी. आम्ही गोठ्यागोठ्यातून हिंडायचो, लोक चहा द्यायचे, पाणी द्यायचे. मिस्त्री गाडीजवळच थांबत आणि आपल्या डब्यातलं पाणी पीत. कुणाच्या दारात ते पाणी प्यायल्याचं मला आठवत नाही. एकदा मी थट्टेनं म्हणालो, "मिस्त्री, तुमचं सोवळं फार कडक आहे."

ते हसले. "व्हय डाक्टर. लई कडक हाय."

बहात्तर सालच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. दूध जवळपास थांबलं होतं. संघाचे दोन्ही ट्रक पाठीवर पाण्याच्या टाक्या घेऊन गावोगाव टँकर म्हणून फिरत होते. लोकांची जनावरं छावण्यांवर होती. त्याच दिवसांत जीपमधलं पाणी कमी व्हायला लागलं. रोज चार बोटं, मग सहा बोटं. वर्तमानपत्र पसरलं, ते कोरडं. सोलापूरहून दुसरा रेडिएटर आणून बसवला तरी तेच. चेअरमनसाहेब म्हणाले, "चार डबे पाणी बरोबर घ्या आणि फिरा. एवढा विचार कशाला?"

मिस्त्रींनी जीपची किल्ली खिशात टाकली. "गावात बाया एका घागरीपायी दिसभर रांगंत बसत्यात," ते म्हणाले. "आन् म्या चार डबे पाणी हिच्या नरड्यात वतू? कुठं जातंय ते कळल्याबिगर ही गाडी हलायची न्हाय."

दोन दिवस ते जीपभोवती फिरत राहिले. नळ्या चाचपल्या, झाकणाचं रबर तपासलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आले आणि उभ्यानंच विचारलं, "डाक्टर, ढोराच्या पोटात आत रगत सांडलं, तर भाईर दिसतं का?"

"नाही दिसत."

"मंग तुमी कसं वळखता?"

"हिरड्या बघतो. पांढऱ्या पडलेल्या असतात. डोळ्याची पापणी उलटून बघतो."

ते तसेच जीपकडं गेले. अर्ध्या तासानं मला हाक आली. त्यांनी इंजिनाचे चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले होते. पहिला, दुसरा, चौथा काजळीनं काळे. तिसरा पांढरा स्वच्छ, नवा असल्यासारखा.

"हा बगा आंघोळ केल्याला," मिस्त्री म्हणाले. हरवलेलं माणूस सापडावं तसा त्यांचा चेहरा खुलला होता. मग त्यांनी प्लग परत बसवले, जीप सुरू केली आणि मला रेडिएटरच्या उघड्या तोंडात बघायला लावलं. पाण्यातून एकसारखे बुडबुडे वर येत होते. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली जो पातळ पत्रा असतो, ते गॅस्केट, तिसऱ्या सिलिंडरपाशी जळालं होतं. तिथून पाणी आत जात होतं, वाफ होऊन धुराच्या नळीतून बाहेर पडत होतं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ती वाफ कुणाला दिसणार? खाली थेंब नव्हता तो यामुळं.

नवं गॅस्केट सोलापूरहून यायचं होतं. त्याला चार दिवस लागणार होते. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी निरोप आला की परंड्याकडं, सोनारीच्या अलीकडच्या छावणीत घटसर्पाची साथ लागलीय. अकरा जनावरं गेली होती. गळा सुजायचा, श्वास घरघरायचा आणि दिवसात जनावर खाली. लस माझ्याकडं होती, पण बर्फात ठेवलेली. ट्रक दोन्ही बाहेर. चेअरमनसाहेब मोटार घेऊन मुंबईला गेलेले.

मी मिस्त्रींकडं गेलो. निरोप सांगितला.

"ढोरं किती हैत तिथं?" त्यांनी विचारलं.

"चारशेच्या वर."

"आन् बर्फ कुठवर टिकंल?"

"फार तर संध्याकाळपर्यंत."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. जीपचं बॉनेट सोडवून भिंतीला टेकवून ठेवलं, म्हणजे इंजिनाला उघडं वारं लागेल. आत दाब साचू नये म्हणून रेडिएटरचं झाकण अर्धंच फिरवलं. मग तिसऱ्या प्लगची वायर काढून चिंधीनं बाजूला बांधली. "तिसऱ्याला आज सुट्टी," ते म्हणाले. "त्यो पेटला न्हाय, तर पाण्याला ढकलायचा बी न्हाय."

अशी ती उघड्या छातीची जीप तीन सिलिंडरांवर लंगडत निघाली. येडशी मागं टाकून रामलिंगाच्या डोंगरातनं उतारावर ती शहाण्यासारखी चालली. बार्शीच्या पुढं ऊन चढलं आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मिस्त्री थांबत, बॉनेट नव्हतं म्हणून रेडिएटरच्या कडेवर तळवा ठेवत, मोठ्या डब्यातलं मोजकं पाणी ओतत, पुन्हा निघत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मोठा डबा रिकामा झाला. समोर एक गाव होतं. गावाबाहेर विहीर, आणि तिच्याभोवती घागरींची रांग.

"थांबू जरा. गार हुईल ती," मिस्त्री म्हणाले.

मी बर्फाची पेटी उघडून बघितली. निम्मा बर्फ विरघळला होता. मी त्यांचं न ऐकता विहिरीकडं चालत गेलो आणि छावणीवर लस घेऊन चाललोय म्हणून सांगितलं. एक म्हातारे शेतकरी उठले. त्यांची बैलजोडी त्याच छावणीवर होती, मुलगा तिथंच राहत होता. रांगेतल्या बायकांना विनवून त्यांनी एक घागर मिळवली आणि माझ्याबरोबर जीपपर्यंत आले. वाटेत माझं नाव-गाव विचारलं. आडनाव ऐकून त्यांनी घागरीत बुडवलेला तांब्या माझ्या हातात दिला. पाणी गार होतं. मी जीपशेजारी उभा राहून पुरा तांब्या प्यालो.

मग म्हातारे मिस्त्रींकडं वळले. "तुमचं गाव कुठलं, डायवरसाहेब?"

मिस्त्रींनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत म्हणाले, "आमी बौद्ध."

म्हातारे क्षणभर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, भरला, दोन पावलं मागं सरले आणि अगदी मायेनं म्हणाले, "वंजळ करा. वरनं वततो."

मिस्त्रींनी हात पाठीमागं बांधले. "मला तहान न्हाय, बाबा."

"मग गाडीत तरी वततो."

मिस्त्री रेडिएटरपाशी गेले आणि त्याच्या तोंडावर तळवा ठेवला. "नगं. घागर माघारी न्या. हिरीवर बाया तिष्टत्यात, त्यास्नी द्या. गाडीचं म्या बगतो."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मिस्त्रींनी पाहिलं नाही. मी बोलायला हवं होतं. काय बोलायचं तेही मला कळत होतं. मी लसीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि बर्फ बघत राहिलो.

म्हातारे घागर घेऊन परत गेले. मिस्त्रींनी सीटमागून गोणपाटात गुंडाळलेला लहान डबा काढला. सकाळपासून त्यांनी त्याला तोंड लावलं नव्हतं, डबा काठोकाठ होता. तो सगळा त्यांनी हळूहळू, एक थेंब बाहेर न सांडता, रेडिएटरात ओतला. "बसा," म्हणाले.

छावणीवर पोचलो तेव्हा पेटीत पेरूएवढा बर्फ उरला होता. दिवस मावळेपर्यंत आम्ही सुया टोचत होतो. ड्रायव्हरचं ते काम नव्हतं, पण मिस्त्री सदऱ्याच्या बाह्या वर सारून एकेक जनावर वेसणीला धरून उभं करत होते. त्या म्हाताऱ्यांच्या मुलानंही आपली जोडी आणली. मिस्त्रींनी एकाची मान काखेत धरली आणि त्याच्या कानामागं खाजवत राहिले. बैल मुकाट्यानं उभा राहिला. शेण काढायला आलेल्या बायकांतली एक मधेच त्यांच्यासमोर मडकं घेऊन आली. तिनं त्यांना काही विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, "तुला पुरंल का, बाई?" ती म्हणाली, "प्या वो." मग ते प्याले.

पुढच्या आठवड्यात छावणीत आणखी सहा जनावरं गेली आणि साथ थांबली. चेअरमनसाहेबांनी सभेत माझं अभिनंदन केलं. मी उठून मिस्त्रींचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. मिस्त्री सभेला आले नव्हते.

मी त्या संघात आणखी काही वर्षं काढली, मग सरकारी नोकरी धरून जिल्हा सोडला. निवृत्तीनंतर मिस्त्रींनी येडशीच्या रस्त्याला लिंबाखाली आपलं खोकं मांडलं. माकणीच्या धरणाच्या कामावरच्या गाड्याही तपासणीला त्यांच्याकडं येत, असं मला कुणीतरी सांगितलं. ते गेल्याचं मला पत्रानं कळलं, तेही उशिरा. पत्र वाचताना मला आठवली ती छावणीवरून परतल्यानंतरची एक सकाळ.

गॅस्केट आलं होतं. मिस्त्रींनी इंजिनाचं हेड, म्हणजे ते वरचं झाकण, उतरवून बाकावर उलटं ठेवलं होतं आणि जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे ब्लेडनं खरवडत होते. जळालेली जागा त्यांनी मला दाखवली. करंगळीच्या नखाएवढी होती.

मी वाकून ती निरखली. मग म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी ते पाणी प्यायला नको होतं."

त्यांचा हात थांबला नाही. "का? तहान लागली व्हती न्हवं?"

"लागली होती."

"मंग."

ब्लेडचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला बी लागली व्हती."

मी बाकावर पडलेले तुकडे गोळा करायला लागलो.

"माजी आई," खाली बघतच ते म्हणाले, "हिरीच्या कडंला घागर घिऊन हुबी ऱ्हायाची. कुणी तरी येऊन वतंल म्हणून. कवा तास, कवा दुपार. म्या तिच्या पदराला धरून. तवाच ठरिवलं व्हतं, पाण्यासाटी कुणाम्होरं हात करायचा न्हाय." त्यांनी फुंकर मारून चुरा उडवला. "तुमी प्याला त्याचं काय न्हाय, डाक्टर."

"मी बोलायला हवं होतं," मी म्हणालो. "त्या बाबांना."

मिस्त्रींनी ब्लेड खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "बोलाया पायजे व्हतं."

मी वाट बघत होतो, ते आणखी काही म्हणतील. जाऊ द्या म्हणतील, दिवसच तसे आहेत म्हणतील. पुसून लख्ख झालेलं हेड त्यांनी उचललं, नव्या गॅस्केटवर अलगद बसवलं आणि बोल्ट एकेक करून हातानं लावले. मग मोठा पाना माझ्यापुढं धरला.

"मदल्यापासून सुरू करा," ते म्हणाले. "कडंला मागनं जायाचं. आन् येकदम जोर नगं. समदे थोडं थोडं, फिरून फिरून."

माझ्या अंगात नवा पांढरा सदरा होता. मी बाह्या दुमडल्या आणि पाना हातात घेतला.